दोष साहेबाचा की धोरणाचा?



कचेऱ्यांतून आणि कंपन्यांतून काम करणारी तरुण मंडळी हल्ली 'टॉक्सिक कल्चर' हा शब्दप्रयोग वारंवार करताना आढळतात. आपल्या कामाच्या जागेचे वातावरण विषारी झाले आहे, असे त्यांना म्हणावयाचे असते. त्यापाठोपाठ जी कैफियत येते, ती बहुधा एका माणसाविषयीची असते. साहेब तुसडा आहे, चारचौघांत पाणउतारा करतो, रात्री अकराला फोन करतो, रजा मागितली की कपाळाला आठ्या घालतो. ही कैफियत खोटी नसते. परंतु ती जेथे थांबते तेथे कामगार चळवळीला थांबता येत नाही. साहेब बदलला, त्याच्या जागी गोड बोलणारा दुसरा आला, आणि तरीही माणसे पूर्वीसारखीच खचत राहिली, हा अनुभव अनेकांच्या गाठी असेल. मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळी कामगारांचा सारा रोष जॉबरवर असे. तोच कामावर घेई, तोच काढून टाकी, तोच दस्तुरी खाई. जॉबर सज्जन होता, असे कोणी म्हणणार नाही. पण बदली कामगारांची फौज दारात ताटकळत ठेवण्यात ज्याचा खरा लाभ होता, तो गिरणीमालक कामगाराच्या दृष्टीस क्वचितच पडे.

साहेबाच्या वागण्यामागे वरचे धोरण असते काय, आणि असल्यास ते न्यायालयात सिद्ध करता येते काय, हा प्रश्न फ्रान्समधील एका प्रकरणात पंधरा वर्षे लढविला गेला. डिसेंबर २००९ मध्ये तेथील एका कामगार संघटनेने फौजदारी तक्रार दाखल केली, आणि २१ जानेवारी २०२५ रोजी त्या देशाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यावर अंतिम निर्णय दिला. कंपनीचे नाव फ्रान्स टेलिकॉम. २०१३ पासून ती ऑरेंज या नावाने ओळखली जाते. समाजवादी कार्यकर्त्यांनी हे प्रकरण बारकाईने अभ्यासावे, याला आणखी एक कारण आहे. त्यात डाव्यांचे यश आहे आणि डाव्यांचे अपयशही आहे.

फ्रान्समध्ये टेलिफोन हे पोस्टाप्रमाणेच सरकारी खाते होते. १९९० च्या कायद्याने ते पोस्टापासून वेगळे काढण्यात आले, १९९६ च्या कायद्याने त्याची कंपनी करण्यात आली, आणि १९९७ मध्ये तिचे समभाग बाजारात विक्रीस आले. हे समभाग विकले ते लिओनेल जोस्पँ यांच्या सरकारने, म्हणजे समाजवादी पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ज्यांनी खाजगीकरणाविरुद्ध प्रचार केला होता, त्यांनीच सत्तेवर येताच दार किलकिले केले. सरकारचे बहुमत राहील, सेवकांचा शासकीय दर्जा अबाधित राहील, मग बिघडते कोठे, असा त्या वेळचा युक्तिवाद होता. सात वर्षांत, २००४ च्या सप्टेंबरात, सरकारचा हिस्सा निम्म्याखाली गेला. दार किलकिले करणाऱ्याच्या हाती ते किती उघडावे हे राहत नाही.

मधल्या काळात बाजाराने कंपनीच्या धुरीणांना जी झिंग आणली होती, तिचा हिशेबही पाहिला पाहिजे. मोबाईल टेलिफोनची लाट जोरात असताना, २००० साली, कंपनीने ऑरेंज ही ब्रिटिश कंपनी प्रचंड किंमत मोजून विकत घेतली. इतरही खरेद्या केल्या. मग फुगा फुटला. २००२ च्या अखेरीस कंपनीवर सुमारे ६८ अब्ज युरोंचे कर्ज होते. हे कर्ज खांबावर चढून तारा जोडणाऱ्या तंत्रज्ञाने केले नव्हते, की ग्राहकाच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या बाईने केले नव्हते. पण ते फेडण्यासाठी आणि भागधारकांचे समाधान करण्यासाठी खर्च कोठे कापावयाचा, असा प्रश्न आला तेव्हा बोट वळले ते त्यांच्याकडे.

२००५ साली दिदिए लोंबार कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दीतील योजनेनुसार २००६ ते २००८ या तीन वर्षांत सुमारे १ लाख २० हजार सेवकांपैकी २२ हजार जण कंपनीबाहेर जावयाचे होते, १० हजार जणांनी आपले काम वा जागा बदलावयाची होती, आणि ६ हजार नवे घ्यावयाचे होते. अडचण एकच होती. निम्म्याहून बऱ्याच अधिक सेवकांना शासकीय सेवकाचा दर्जा होता. त्यांना नोकरीवरून काढता येत नव्हते. उरलेल्यांची सामुदायिक कपात करावयाची, तर फ्रेंच कायद्याप्रमाणे सल्लामसलत, पुनर्वसनाची योजना, नुकसानभरपाई हे सारे आले. पूर्वी एक बऱ्यापैकी माणुसकीचा मार्ग होता. १९९६ पासून पंचावन्न वर्षांच्या सेवकाला वेतनाचा मोठा भाग घेऊन लवकर घरी बसता येत असे, आणि हजारो लोक त्या वाटेने समाधानाने गेले होते. ती योजना २००६ च्या अखेरीस बंद झाली. म्हणजे काढता येत नाही, पैसे देऊन पाठवावयाचे नाही, आणि तरी २२ हजार गेले पाहिजेत. या त्रैराशिकाचे उत्तर एकच निघू शकत होते, आणि ते म्हणजे, माणसाला स्वतःहून जावेसे वाटले पाहिजे.

२० ऑक्टोबर २००६ रोजी पॅरिसमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठकीत लोंबार यांनी सांगितले की, ही माणसे आपण या ना त्या मार्गाने, खिडकीतून वा दारातून, बाहेर काढू. या उद्गारांची नोंद पुढे न्यायालयासमोर आली. तोवर असे वाक्य निव्वळ रागीट माणसाचा तोल गेल्याचे लक्षण मानले गेले असते. परंतु वाक्यापेक्षा त्याच्याभोवतीची यंत्रणा अधिक बोलकी होती. मधल्या फळीतील सुमारे चार हजार व्यवस्थापकांना खास प्रशिक्षण देण्यात आले. किती माणसे कमी केली, यावर त्यांच्या वेतनाचा काही भाग अवलंबून ठेवण्यात आला. नोकरी शोधण्यास मदत करण्याच्या नावाखाली जे कक्ष उघडले, ते माणसाला बाहेरचा रस्ता दाखवू लागले. वर्षानुवर्षे तारा आणि यंत्रे हाताळलेल्या तंत्रज्ञाला कानाला यंत्र लावून ग्राहकांना पॅकेजे विकण्याच्या कामावर बसविण्यात आले. कोणाची कचेरी बंद करून दूरच्या गावी बदली केली, कोणाचे पदच रद्द करून त्याला काम न देता बसवून ठेवले, कोणाला बाहेर नोकरी शोधण्याविषयी पुन्हा पुन्हा पत्रे धाडली. यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली, तर ती क्षुल्लक वाटावी अशी. कोणत्याही एका बदलीच्या आदेशावर क्रौर्याचा शिक्का नव्हता.

प्रशिक्षणात वापरलेली एक आकृती मात्र मुद्दाम सांगितली पाहिजे. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी मरणोन्मुख रुग्णांच्या सहवासात राहून त्यांच्या मनाच्या अवस्था टिपल्या होत्या. प्रथम नकार, मग संताप, मग घासाघीस, मग विषाद आणि अखेर स्वीकार. फ्रान्स टेलिकॉमच्या व्यवस्थापकांना हीच 'शोकाची वक्ररेषा' शिकविण्यात आली, कारण काम गेलेला सेवकही याच अवस्थांतून जाईल, असे गृहीत धरले होते. रुग्णाचा मृत्यू डॉक्टरने योजलेला नसतो. येथे शोकाचे कारण योजनेतच होते, आणि विषाद हा त्या वाटेवरचा अपेक्षित टप्पा म्हणून फळ्यावर आधीच आखलेला होता. व्यवस्थापकाने अपमान केला नाही, आवाज चढविला नाही, उलट सहानुभूतीने चौकशी केली, तरीही तो या रेषेवरून माणसाला पुढे ढकलीतच होता.

पुढे जे घडले, त्याचे वर्णन येथे रंगवून करण्याचे कारण नाही. न्यायालयाने ३९ जणांची प्रकरणे तपासली. त्यांपैकी १९ जणांनी आपले जीवन संपविले होते, १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता, आणि ८ जण तीव्र नैराश्याने आजारी पडले होते. जुलै २००९ मध्ये मार्सेय येथील एका तंत्रज्ञाने मृत्यूपूर्वी लिहिलेल्या पत्रात दहशतीने चाललेल्या व्यवस्थापनाला दोष दिला होता. त्या सप्टेंबरात लोंबार यांनी आत्महत्यांची ही 'फॅशन' थांबली पाहिजे, असे उद्गार काढले. ओरड झाल्यावर त्यांनी शब्दाबद्दल खेद व्यक्त केला. 'मूड' या इंग्रजी शब्दाचे भाषांतर चुकले, असे सांगितले. मार्च २०१० मध्ये त्यांच्या हातून कंपनीचा कारभार काढून दुसऱ्याकडे देण्यात आला. येथवर हे सारे 'एक वाईट साहेब गेला' या गोष्टीसारखे दिसते. तसे घडले नाही, याचे श्रेय संघटनांचे आहे.

वृत्तपत्रांत बातम्या येण्याच्या दोन वर्षे आधी, २००७ मध्ये, कंपनीतील दोन संघटनांनी मिळून तणाव आणि सक्तीच्या बदल्या यांची पाहणी करणारे एक निरीक्षण मंडळ स्थापन केले. त्यांतील एक होती सुद, कट्टर डाव्या वळणाची. आणि दुसरी अधिकाऱ्यांची व पर्यवेक्षकांची, जिच्याकडे डावे कामगार एरवी संशयाने पाहत. ही युती सहज झालेली नाही. ज्या मधल्या अधिकाऱ्याच्या सहीने बदली होते, तोही दुपारी आपल्या वरच्या साहेबासमोर आकडे घेऊन उभा असतो, आणि पुढच्या यादीत त्याचे नाव असू शकते, हे दोन्ही बाजूंना उमजावे लागले. या मंडळाने प्रश्नावली काढली, माहिती जमविली, अभ्यासकांना बोलाविले. कंपनीने आपल्या कचेऱ्यांतील संगणकांवरून त्या मंडळाचे संकेतस्थळ उघडणे बंद केले, यावरून त्या कामाची किंमत तिला कळली होती असे म्हणावयास हरकत नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी इशारे दिले होते, तेही नोंदींत होते. २००९ अखेरच्या तक्रारीनंतर, फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारी श्रम निरीक्षकाचा अहवाल सरकारी वकिलांकडे गेला, तो अशा कागदांच्या आधारावर. संताप होताच; पण खटला संतापावर उभा राहिला नाही, तारीखवार ठेवलेल्या नोंदींवर उभा राहिला.

आता डाव्यांच्या यशाविषयी. ज्या जोस्पँ सरकारने समभाग विकले, त्याच सरकारने १७ जानेवारी २००२ च्या कायद्याने 'मानसिक छळ' हा गुन्हा ठरविला. पुन्हा पुन्हा केलेल्या ज्या कृतींच्या हेतूने अथवा परिणामाने कामाची स्थिती खालावते, आणि त्यामुळे सेवकाचे हक्क, प्रतिष्ठा, शरीराचे वा मनाचे आरोग्य किंवा भवितव्य यांना बाधा पोचू शकते, त्या कृती दंडनीय झाल्या. 'हेतूने अथवा परिणामाने' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, आणि 'बाधा पोचू शकते' हेही. बचाव पक्षाचा एक युक्तिवाद असा होता की, लाखभर माणसांच्या कंपनीत अशा मृत्यूंचे प्रमाण देशातील त्या वयोगटाच्या सर्वसाधारण प्रमाणाहून वेगळे नाही. फ्रान्समधील काही संख्याशास्त्राच्या जाणकारांनीही २००९ मध्येच हा प्रश्न उपस्थित केला होता, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो हसण्यावारी नेऊ नये. पण आरोप मृत्यू घडविल्याचा नव्हताच. माणसांची कामाची स्थिती पद्धतशीर बिघडविल्याचा तो होता. त्यासाठी सरासरीचा वाद सुटावा लागत नाही. एकही जीव गेला नसता, तरी गुन्हा तोच राहिला असता.

६ मे २०१९ रोजी पॅरिसमध्ये खटला सुरू झाला, आणि २० डिसेंबर २०१९ रोजी निकाल लागला. लोंबार, त्यांचे दुय्यम लुई-पिएर वेनेस आणि सेवकवर्ग प्रमुख ओलिव्हिए बार्बेरो यांना एक वर्षाचा कारावास, त्यांपैकी आठ महिने स्थगित, आणि प्रत्येकी १५ हजार युरो दंड. कंपनीला ७५ हजार युरो दंड. कायद्याने अधिकात अधिक एवढाच दंड होऊ शकत होता. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल ४० अब्ज युरोंहून अधिक, तिला ७५ हजार! सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात लोंबार व वेनेस यांचा संपूर्ण कारावास स्थगित झाला, म्हणजे तुरुंगाचे दार त्यांनी पाहिले नाही. शिक्षेचा आकडा पाहून कोणी निराश झाले, तर त्याला दोष देता येणार नाही. निकालाचे मोल तत्त्वात आहे. २२ हजार हा आकडा केवळ अंदाज होता, लोक स्वेच्छेने गेले, असे प्रतिवादी सांगत होते. तो आकडा कोणत्याही किमतीवर गाठावयाचे उद्दिष्ट बनला, आणि तो गाठण्यासाठी योजलेल्या रीती निषिद्ध होत्या, असे न्यायालयाने म्हटले. २०२५ च्या अंतिम निकालाने हे तत्त्व पक्के केले. सेवकांच्या एका समूहाची कामाची स्थिती जाणूनबुजून खालावणारे धोरण ठरविणे आणि राबविणे हाच छळ होय. त्यासाठी अध्यक्षाने त्या तंत्रज्ञाला कधी पाहिलेले असण्याची गरज नाही, आणि प्रत्येक पीडिताचे नाव घेऊन त्याचे अध्यक्षाशी नाते दाखविण्याचीही गरज नाही.

यातील अर्थशास्त्र साधे आहे. माणसाला कायदेशीर रीतीने कमी केले, तर भरपाईची रक्कम ताळेबंदात दिसते. त्याला कंटाळवून, एकाकी पाडून, निरुपयोगी ठरवून घालविले, तर ताळेबंदात काहीच दिसत नाही. उलट वेतनखर्च घटलेला दिसतो, आणि समभागाचा भाव सुधारतो. खर्च नाहीसा झालेला नसतो. तो सेवकाच्या घरात, सरकारी दवाखान्यात, विम्याच्या निधीत, बायकामुलांच्या आयुष्यात जाऊन पडलेला असतो. कारखान्याने नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा खर्च जसा कारखान्याच्या वहीत नसतो, तसाच हा. म्हणून ध्यानधारणेचे वर्ग, समुपदेशनाचा दूरध्वनी, व्यवस्थापकांना सौजन्याचे धडे, या उपायांनी कोणाचे नुकसान होत नाही आणि मूळ प्रश्नही सुटत नाही. फ्रान्स टेलिकॉमनेही सेवकांचे दुःख ऐकून घेणारे कक्ष उघडले होते. ते चालू असताना २२ हजारांचे उद्दिष्ट पुरे झाले.

आपल्याकडे याच धंद्यात काय घडले, तेही आठवावे. टेलिफोन खात्याच्या सेवेतून १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम ही कंपनी झाली. मुंबई व दिल्ली या शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम १९८६ पासून होती. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत भारत संचारमधून सुमारे ७८ हजार आणि महानगरमधून सुमारे १४ हजार सेवक बाहेर पडले. त्यांना रकमा मिळाल्या, आणि फ्रान्समधल्यासारखी छळाची योजना तेथे होती, असे म्हणण्यास आधार नाही. तरीही 'स्वेच्छा' या शब्दाचे वजन तोलून पाहावे लागते. त्याच वर्षी या कंपन्यांत वेतन वेळेवर होईनासे झाले होते, कंत्राटी कामगारांचे पगार तर महिनोन्महिने थकले होते, आणि खाजगी कंपन्यांना मिळालेला फोर-जीचा तरंगपट्टा सरकारी कंपनीला देण्याचा निर्णय व्हावयास २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. बुडत्या होडीतून उडी मारणाऱ्याने स्वेच्छेने उडी मारली, असे म्हणता येते. होडीला भोक कसे पडले, हे विचारावयाचे राहून जाते.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र एके काळी फ्रान्सच्या पुढे होता, हे थोड्यांच्या लक्षात आहे. कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत राज्याने १९७१ साली जो अधिनियम केला, त्याच्या चौथ्या अनुसूचीत व्यवस्थापनाच्या धोरणाचे निमित्त करून दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा ठरविली होती. धोरणाचा बुरखा हा शब्द न वापरता तोच अर्थ त्या कलमात होता, आणि तोही फ्रेंच कायद्याच्या तीस वर्षे आधी. परंतु त्यात दोन उणिवा राहिल्या. हेतू दुष्ट होता, हे एकेका कामगाराला आपापल्या प्रकरणात सिद्ध करावे लागे. परिणाम पुरेसा नव्हता. आणि संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यालाच होते. पर्यवेक्षक, अधिकारी, आणि ज्याच्या नावापुढे 'मॅनेजर' अशी पाटी लावून दिली आहे पण ज्याच्या हाताखाली एक शिपाईसुद्धा नाही असा हिंजवडीतील वा पवईतील तरुण, हे व्याख्येच्या कडेवर अथवा बाहेरच राहतात. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा केंद्रीय कायदा आहे, आणि तो आवश्यकच आहे. मानसिक छळाचा स्वतंत्र कायदा भारतात नाही.

तेव्हा कामगार आघाडीवरील कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. पहिले कायद्याचे. छळाच्या व्याख्येत हेतूबरोबर परिणाम घालावा, आणि संरक्षण पदनामावर न ठेवता वेतनासाठी राबणाऱ्या प्रत्येकाला द्यावे, ही मागणी नेमक्या शब्दांत मांडली पाहिजे. दुसऱ्या कामाला विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. एखाद्या कंपनीतील तरुण साहेबाची तक्रार घेऊन आला, म्हणजे साहेबाचा स्वभाव ऐकून घ्यावाच. पण त्याबरोबर विचारावे की, गेल्या वर्षभरात या विभागातून किती माणसे गेली, किती जणांच्या बदल्या झाल्या, किती पदे न भरता ठेवली, साहेबाच्या बोनसमध्ये कोणता आकडा धरलेला आहे, आणि तो आकडा कोणी कोणत्या तारखेच्या पत्राने खाली पाठविला. त्या पत्राची प्रत मिळते काय, तेही विचारावे. आणि ते पत्र ज्या मधल्या अधिकाऱ्याच्या टेबलावरून आले असेल, त्यालाही एके दिवशी चहाला बोलवावे.